व्हॉल्व्ह निसटला तर? – हृदयरोगतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : आई ७८ वर्षांची आहे. जांघेतून महाधमनीचा व्हॉल्व्ह बसवायचं ठरलंय. संमतिपत्रात ‘व्हॉल्व्ह निसटणे’ वाचलं आणि झोपच उडाली. निसटला तर छाती उघडतात का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. शंभरात एखाद्याच पेशंटला असं होतं. व्हॉल्व्ह वर महाधमनीत सरकला, की कॅथलॅबमध्ये (जिथे हे तारेने बसवण्याचं काम चालतं ती खोली) मी पहिलं वाक्य बोलतो ते ‘तार कोणी ओढू नका’. ती तार व्हॉल्व्हच्या मधून गेलेली असते. ती जागेवर आहे तोवर व्हॉल्व्ह उलटून रक्ताची वाट अडवत नाही. मग फुग्याने किंवा फासाच्या तारेने तो हलके हलके सरकवून, कुठलीही महत्त्वाची फांदी झाकली जाणार नाही अशा जागी महाधमनीतच स्थिर करतो आणि दुसरा व्हॉल्व्ह मूळ जागी बसवतो. पहिला सहसा तिथेच राहू देतात. खाली हृदयाच्या कप्प्यात पडला, तर मात्र बहुधा सर्जनच लागतो. म्हणून आधीच विचारून घ्या : दुसरा व्हॉल्व्ह हाताशी आहे का? हार्ट सर्जन त्या वेळी हॉस्पिटलमध्येच असतील ना? असं विचारल्याचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

प्रश्न (ऐरोली) : सासऱ्यांनाही असाच व्हॉल्व्ह बसवायचाय. त्यांच्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या कॉरोनरीचं (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचं) तोंड व्हॉल्व्हपासून फक्त ९ मिलिमीटर उंचीवर आहे. यात धोका काय?

उत्तर : दार सताड उघडलं की मागचं लाइटचं बटण झाकलं जातं, तसं. नवा व्हॉल्व्ह जुन्या व्हॉल्व्हच्या पाकळ्या भिंतीकडे रेटतो. कॉरोनरीचं तोंड खाली आणि जागा अरुंद असेल, तर ते पाकळीमागे दडतं. काही मिनिटांत बीपी कोसळू शकतं. म्हणून अशा पेशंटच्या कॉरोनरीत तार आणि स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) आधीच नेऊन ठेवतात. प्रवाह मंदावला की स्टेंट लगेच फुलवायचा. काही केंद्रांत जुनी पाकळी विजेच्या तारेने आधीच चिरतात. त्यांचा सीटी झाला आणि हे मोजलं गेलं, याचं मला फार समाधान वाटतं.

प्रश्न (वाशी) : बाबा असाच व्हॉल्व्ह बसवून तिसऱ्या दिवशी घरी आले. काल जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, आता बरे आहेत. अशक्तपणा असेल का?

उत्तर : तसं धरून चालू नका. तुमची चिठ्ठी मिळताच फोनवर सांगितलं, तेच इथे सगळ्यांसाठी लिहितो. हृदयाच्या ठोक्यांचा विजेचा संदेश नेणारी शरीराचीच वायर या व्हॉल्व्हच्या अगदी खालून जाते. दाब आणि सूज यांमुळे ती काही दिवसांनीही बंद पडू शकते. आधीपासून उजवा बंडल ब्लॉक (या वायरची उजवी फांदी बंद) असेल तर धोका जास्त. ईसीजी त्याच दिवशी काढायचा. पेसमेकर लागेलच असं नाही, पण हे ठरवायला उद्यापर्यंत थांबू नका. पेशंट बेशुद्ध झाला तर १०८ला फोन करा, स्वतः गाडी काढू नका.