बिजासन घाट उतरल्यावर मागे ट्रॉली असेल तर पुण्याला नाशिकवरून जावं की नगरवरून?

प्रश्नकर्त्यांनी लिहिलंय की ते इंदूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवतायत, एसयूव्हीमागे छोटा ट्रेलर जोडणार आहेत, आणि महाराष्ट्राच्या हद्दीत शिरल्यावर मालेगाव-नाशिक-संगमनेर धरावं की मालेगाव-मनमाड-शिर्डी-नगर, हे ठरत नाहीये.

नाशिक. आता इतक्या ठामपणे का सांगतोय ते ऐका, कारण याच एका प्रश्नावरून माझं आणि माझ्या साडूंचं दोन वर्षं वाजलेलं आहे.

ट्रेलर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे बावीस चाकी येतं. इंदुरात आम्ही याला ट्रॉलीच म्हणतो, मीही तेच म्हणणार. माझ्या लेकीनं पुण्यात नोकरी सोडून पोहे-जिलबीची गाडी टाकायचं ठरवलं, तेव्हा ती गाडी मी इंदुरात बनवून घेतली. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात. एका एक्सलची, दोन चाकांची, वर स्टीलचा ओटा, पोहे वाफवायला मोठ्या पातेल्याची जागा, मागच्या बाजूला सिंक आणि १०० लिटरची टाकी. रिकामी ७०० किलोच्या आसपास. ओढायला माझी बोलेरो. फेब्रुवारी २०२३ मध्ये पहाटे चारला आम्ही दोघं नवरा-बायको राऊवरून एबी रोडला, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गाला लागलो.

मानपूरचा उतार संपून सपाटीला आलो, सत्तरचा वेग धरला आणि ट्रॉली शेपूट हलवायला लागली. आधी थोडी, मग अशी की आरशात एकदा डावीकडची बाजू दिसायची, एकदा उजवीकडची. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना पोटात काय होतं ते माहीत आहे. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि तिथंच घात होतो. ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगनं डोलणं पकडायला जायचं नाही. स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि गाडीला आपसूक मंदावू द्यायचं. मी हे वाचलेलं होतं म्हणून वाचलो.

खलघाटचा पूल ओलांडला, बायकोनं नर्मदेत रुपया टाकला. थोडं पुढे ढाब्यावर थांबून ट्रॉली उघडली, तर मागची टाकी काठोकाठ भरलेली. "पुण्याच्या पाण्यात आपल्या पोह्यांना ती चव येणार नाही" म्हणून सौभाग्यवतींनी रात्री घरच्या नळानं भरून ठेवली होती. इंदूरच्या नळाला नर्मदेचंच पाणी येतं. म्हणजे नर्मदा ओलांडून दहा-बारा किलोमीटरवर मी शंभर लिटर नर्मदा रस्त्याकडेला ओतून दिली. त्यानंतर थेट सेंधव्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. पण ट्रॉली मात्र शहाण्यासारखी चालायला लागली. एक्सलच्या मागे शंभर किलो पडले की पुढचा हुक उचलला जातो आणि मागचं वजन गाडीला हलवायला लागतं, एवढं साधं आहे. जड सामान एक्सलच्या पुढे, साधारण साठ टक्के पुढे आणि चाळीस मागे, आणि हुकवर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार. तुमच्या बिऱ्हाडात फ्रीज, वॉशिंग मशीन, पुस्तकांची खोकी असतील ती पुढे. गाद्या मागे.

बिजासन घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. आपल्याकडच्या छोट्या ट्रॉलींना बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसतातच, सगळं ओझं गाडीच्या ब्रेकवर येतं, त्यामुळे उतारावर इंजिनानंच रोखायचं. मागून ट्रकवाले हॉर्न मारतात, मारू द्यावेत. खाली हाडाखेडच्या नाक्यावर एकानं ट्रॉलीभोवती फेरी मारून नंबर बघितला. ट्रॉलीची स्वतःची नोंदणी लागते आणि तिच्या पाठीवर ओढणाऱ्या गाडीचा नंबरही लागतो. दोन्ही असतील तर दोन मिनिटांत सुटका. टोलवरची पोरं मात्र दर वेळी आपसात चर्चा करतात की ही कार धरायची की तीन एक्सल. भांडू नका, फुकट वेळ जातो.

धुळ्याला चहा घेताना साडूंना फोन लावला, आणि तीच माझी चूक. साडूभाऊ पुण्याचे, वाघोलीला राहतात. म्हणाले, "नाशिकच्या फंदात पडू नका. राहुड, मोहदरी, चंदनापुरी, तीन तीन घाट. तुम्हा माळव्यातल्या लोकांना घाटाची सवय नसते. नगरवरून या, सपाट रस्ता, पंधरा-वीस किलोमीटर कमीच, वाटेत शिर्डीचं दर्शन." बायकोनं दर्शन ऐकलं आणि निकाल लागला.

आता मला सांगा, माणूस पहाटेपासून विंध्य उतरून, सातपुडा ओलांडून धुळ्यात उभा आहे, आणि त्याला म्हणायचं की तुम्हाला घाटाची सवय नाही! तेव्हा मी गप्प बसलो. इथं बसणार नाही.

मालेगावहून मनमाडला वळलो, अंकाई-टंकाईची जोडी बघत येवला गाठलं, इथवर ठीक. कोपरगावच्या पुढे रस्त्यानं रंग दाखवला. नुसत्या गाडीत खड्डा आला तर तुम्ही चाक चुकवता. मागे ट्रॉली असते तेव्हा तुम्ही गाडीची चाकं वाचवता आणि ट्रॉलीचं चाक बरोबर त्यात जातं, कारण तिची चाकं तुमच्या चाकांच्या रेषेत नसतात आणि वळणावर ती आतून कापते. मोठ्या गाडीला जो धक्का वाटत नाही त्यानं दोन चाकांची ट्रॉली हवेत उडते. राहात्याच्या अलीकडे एक धाडकन आवाज आला आणि ट्रॉली डावीकडे बसली.

समोर एक रसवंती होती, तिच्या सावलीत गाडी घेतली. साडूंना फोन केला, म्हटलं, "कमानी टूट गई." घाबरलो की माझी हिंदी आपोआप बाहेर येते. ते म्हणाले, "कुठली कमान? शिर्डीची?" आमच्याकडे मेकॅनिक लोक चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याला कमानी म्हणतात, ही गोष्ट त्यांना लग्नापासून माहीत आहे. पण नाही. वर म्हणाले, "जोरात आणली असणार तुम्ही." ताशी पस्तीस, साडूभाऊ. पस्तीस.

रसवंतीवाल्यानं एका पोराला पाठवून ट्रॅक्टरचा मिस्त्री बोलावला. तो माणूस देवासारखा. खाली वाकून बघताक्षणी म्हणाला, "मेन पाटा गेला." उसाचा हंगाम होता, म्हणाला रोज दोन-तीन ट्रॉल्या याच दुखण्यानं येतात. चाक काढलं तर आतला बेअरिंगचा हब एवढा तापलेला की हात लावता येईना. कारखानदारानं ग्रीस भरलंच नव्हतं, नुसतं बोटानं पुसून झाकण ठोकलं होतं. म्हणजे पाटा तुटला नसता तर वीस-पंचवीस किलोमीटरवर चाकच निघून गेलं असतं. हे मी साडूंना कधीच सांगितलेलं नाही, नाहीतर म्हणतील, बघा, माझ्या रस्त्यानंच वाचवलं.

साडेचार तास गेले. बायकोनं तेवढ्यात रिक्षा करून शिर्डीला दर्शन उरकलं. मिस्त्रीनं दोन पाटे घालून दिले आणि मी एक जास्तीचाही विकत घेतला. मग अंधार पडला, आणि नगर जिल्ह्यात उसाच्या हंगामात अंधार म्हणजे काय ते ऐका. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरानगरला निघाला. त्या अख्ख्या पट्ट्यात कारखानेच कारखाने. नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल कापड, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि टेपवर गाणी एवढी मोठ्यानं की आपला हॉर्न ऐकूच जात नाही. नुसत्या गाडीनं पटकन ओव्हरटेक करता येतं. मागे ट्रॉली घेऊन ओव्हरटेक करायला दुप्पट रस्ता लागतो, तेवढा मिळत नाही, म्हणून तुम्ही त्याच्या मागेच सरपटत राहता. राहुरीपासून विळद घाटापर्यंत मी एकाच ट्रॅक्टरच्या मागे होतो. हो, विळद घाट. सपाट रस्ता म्हणाले होते ना?

वाघोलीला रात्री दीड वाजता पोचलो. सोसायटीच्या फाटकातून ट्रॉली मागे घ्यायची होती. मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, ट्रॉली डावीकडे हवी तर हात उजवीकडे. साडूभाऊ टॉर्च घेऊन "डावीकडे, डावीकडे मारा" ओरडत होते. मारलं. फाटकाच्या खांबाचा कोपरा अजून गेलेला आहे, आणि त्या खर्चाचे पैसे मी दिले.

जानेवारी २०२५ मध्ये लेकीची दुसरी गाडी घेऊन निघालो. या वेळी हबमध्ये ग्रीस स्वतः भरलं आणि धुळ्यात फोन बंद ठेवला. तोवर मध्य प्रदेशनं १ जुलै २०२४ पासून सीमेवरचे परिवहन नाके बंद केलेले होते, सेंधव्याची ती ट्रकांची रांग दिसली नाही. मानपूरच्या पुढच्या गणपती घाटात उतरायला नवा, जवळजवळ नऊ किलोमीटरचा रस्ता सुरू झाला होता, त्यानं तर मोठंच काम झालं. मालेगाव सोडून राहुड घाट चाळिशीत पार केला. चांदवडला रेणुकामातेच्या पायथ्याशी थांबून सगळ्या हबना हात लावला, कोमट होते. चांदवडला आमच्या होळकरांचा रंगमहाल आहे. साडूंना इंदूर म्हणजे फक्त शेव वाटते, त्यांच्या माहितीसाठी सांगतो. आणि अहिल्याबाईंचं जन्मगाव चोंडी नगर जिल्ह्यातच, म्हणूनच तुमच्या नगरचं आता अहिल्यानगर झालंय.

नाशिकला द्वारका चौकात चाळीस मिनिटं गेली. मोहदरी घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, इंजिन थोडं तापलं, सिन्नरला दहा मिनिटं गाडी उभी केली. तिथून पुढे संगमनेर, चंदनापुरी, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, खेड, सगळा चौपदरी किंवा बायपासचा रस्ता, बाजूला थांबायला जागा, गाडी एका वेगात. घाटाचं असं आहे की त्याचा बोर्ड आधी लागतो, तुम्ही गिअर बदलून तयार होता, पंधरा मिनिटांत विषय संपतो. खड्ड्याचा बोर्ड नसतो. तीनही घाटांत मिळून ट्रॉलीला जेवढा त्रास झाला नाही तेवढा कोपरगाव-राहात्याच्या वीस किलोमीटरमध्ये झाला होता. पोह्यांच्या काउंटरची काचही आली तशी पोचली.

मग चाकण आलं. चाकणला दीड तास. संध्याकाळची शिफ्ट सुटायची वेळ, कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, आणि मध्ये माझी ट्रॉली. वाघोलीला पोचल्यावर साडूभाऊंनी घड्याळ बघून एवढंच म्हटलं, "वेळ नगरवरून लागला असता तेवढाच लागला की." तो पाटा तुटला नसता तर, हे त्यांनी म्हटलं नाही, मी मनात म्हटलं. तुम्ही वेळ मोजत असाल तर ते चूक नाहीत, एवढं कबूल करतो. पण ट्रॉली ओढणाऱ्यानं वेळ मोजायचा नसतो, पोचल्यावर काय काय शाबूत आहे ते मोजायचं असतं.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. नगरचा रस्ता माझ्या वेळचा सांगतोय. रस्ते एका पावसाळ्यात बिघडतात आणि एका निवडणुकीत सुधारतात. धुळ्याला ढाब्यावर नगरकडून आलेल्या एखाद्या ट्रकवाल्याला विचारा, तो नकाशापेक्षा खरं सांगेल. दोन एक्सलची ट्रॉली असेल तर माझं निम्मं रडगाणं तुम्हाला लागू नाही, ती खड्ड्यात अशी उडत नाही. तुमची एसयूव्ही छोट्या इंजिनाची असेल आणि ट्रॉली खच्चून भरलेली असेल, तर मोहदरीच्या चढाला खरंच दमेल, मग नगरचा विचार करा, पण दिवसाउजेडी आणि उसाचा हंगाम टाळून. १ जानेवारीच्या आसपास नगर रोड धरू नका, कोरेगाव भीमाच्या गर्दीमुळे वाहतूक वळवतात. आणि धुळ्याहून चाळीसगाव-कन्नड घाटाचा सल्ला कोणी दिला तर तो माझ्या साडूंचा भाऊ आहे असं समजा.

आणि अगदी खरं बोलायचं तर नुसतं घरसामानच न्यायचं असेल तर टेम्पो करा. मला गाडीच पोचवायची होती म्हणून मी हा उपद्व्याप केला. पण तुम्ही विचारलंय रस्त्याचं, आणि ट्रॉली बहुतेक घेऊनही ठेवली असेल.

तो जास्तीचा पाटा अजून माझ्याकडे गॅरेजमध्ये पडलाय. इंदुरातच असाल तर निघायच्या आधी मापाला लावून बघा, बसला तर घेऊन जा.