मॅरियन अँडरसनची छडी करू नका

नमस्कार,

तुमच्या पत्रात मुलाविषयी चार ओळी आहेत आणि काळी अमेरिकन गायिका मॅरियन अँडरसनविषयी दीड पान. मुलगा अकरावीत आहे, पाच वर्षं अल्टो सॅक्सोफोन शिकतोय. आता त्याला फ्लूटही शिकायचाय आणि लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचंय. तुम्ही दोन्हीला बंदी घातलीत. तो कुरकुरला की सुनावता, ‘अमेरिकेतले काळे कलावंत वर्णभेदातून निव्वळ गुणांवर वर आले, तुला काय धाड भरलीय?’ त्याच्या रियाजाची मला काळजी नाही, या वाक्याची आहे.

कारण ‘निव्वळ गुणांवर’ हे खरं नाही. अँडरसनच्या शिकवणीसाठी फिलाडेल्फियातल्या तिच्या चर्चने वर्गणी काढली होती. तिचं मोठं नाव झालं ते 1930च्या दशकात, युरोपात. 1939मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने नकार दिला आणि ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर 75,000 लोकांपुढे गायली, हे तुम्ही रंगवून लिहिलंत. पुढचं गाळलंत. मेट्रोपॉलिटन ऑपेराने तिला रंगमंच दिला 1955मध्ये, ती 57 वर्षांची असताना. गळ्याची ऐन उमेद तोवर सरलेली होती. गुण काय 1939मध्ये नव्हते?

तुमच्या घरी खरं तर बडी कॉलेट या काळ्या वादकाची गोष्ट सांगायला हवी. लॉस एंजेलिसमध्ये वादकांच्या संघटना दोन होत्या: गोऱ्यांची लोकल 47 आणि काळ्यांची लोकल 767. स्टुडिओंची चांगल्या पैशांची कामं बहुतेक 47कडे जात. कॉलेट आणि त्याच्या साथीदारांनी गोरे-काळे मिळून एक वाद्यवृंद उभा केला, म्हणजे निदान एकमेकांचं वाजवणं कानावर पडेल. तिथूनच संगीत दिग्दर्शक जेरी फील्डिंगने त्याला विनोदी नट ग्राउचो मार्क्सच्या कार्यक्रमाच्या वाद्यवृंदात घेतलं. सॅक्स, क्लॅरिनेट आणि फ्लूट तिन्ही वाजवणारा आणि समोरचा नोटेशनचा कागद तिथल्या तिथे वाचणारा माणूस स्टुडिओला हवाच असतो. दोन्ही संघटना एक झाल्या 1 एप्रिल 1953 रोजी, तेही काही वर्षांच्या खटपटीनंतर.

म्हणजे तुमचा मुलगा मागतोय ते बरोबर मागतोय. फ्लूटची बोटं सॅक्सच्या बरीच जवळची असतात. अडतं ते ओठांवर. पहिले दोन आठवडे फ्लूटचा नुसता वरचा तुकडा फुंकायचा, दहा मिनिटं, आणि सॅक्स हातात घेण्याआधी. नंतर घेतला तर दमलेल्या ओठांतून स्वर फुटत नाही. सुरुवातीला गरगरतं, कारण निम्मी हवा भोकावरून वायाच जाते. क्लॅरिनेटची घाई नको: तो वरच्या पट्टीत जाताना सॅक्ससारखी सप्तकाची नाही, बाराव्या स्वरावर उडी घेतो आणि सॅक्सची सवय तिथे दगा देते. नोटेशन वाचण्यासाठी रोज पंधरा मिनिटं, कधी न पाहिलेलं पान, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून, चुकलं तरी न थांबता. तेच पान दुसऱ्या दिवशी घेतलं की कान वाचतो, डोळे नाही.

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा द्या; पण त्यावर घर चालत नाही.

लग्नाच्या बँडला नाक मुरडू नका. 1930च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये क्रिकेट स्मिथसारखे काळे अमेरिकन वादक बँड चालवत होते आणि गोव्याचे फ्रँक फर्नांड त्यांच्यात वाजवत होते. हेच नोटेशन वाचणारे गोवेकर पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात अरेंजर झाले, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारे.

एक काम मात्र तुमचंच. अमेरिकन गायिका नीना सिमोनने पहिल्या रेकॉर्डचे हक्क 3,000 डॉलरला देऊन टाकले आणि पुढची मोठी कमाई तिच्या हातून गेली. सॅक्सोफोनवर झालेला खर्च तुम्ही पत्रात पैशासकट मांडलाय. तोच हिशेबीपणा मुलाला शिकवा: बिदागी आधी ठरवायची, रेकॉर्डिंग असेल तर वापर कुठे आणि किती दिवस ते कागदावर घ्यायचं, आणि सही करण्याआधी कागद घरी आणायचा.