नव्या केंद्रप्रमुखांना: यंत्रांच्या आधी माणसे

सर, विद्यापीठाच्या संसर्गजन्य रोग संशोधन केंद्राची धुरा आपल्याकडे आली याचा मनापासून आनंद झाला. यंत्रखरेदीची घाई करू नका. पहिल्या वर्षी तरुण संशोधकांचा वेळ जपणे हेच आपले मुख्य काम आहे.

कोकणात कामाचे वेळापत्रक ऋतू ठरवतात. लेप्टोचे (उंदीर-जनावरांच्या मूत्राने दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या तापाचे) रुग्ण पावसाळ्यात, भातशेतीच्या दिवसांत वाढतात, तर २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळलेला, गोचिडींमार्फत पसरणारा माकडताप काजूच्या हंगामात डोके वर काढतो. त्यामुळे नैतिकता समितीची मंजुरी हंगामाआधी हाती नसेल, तर नवख्या संशोधकाचे अख्खे वर्ष वाया जाते.

नेहमीच्या चुका दोन:
- एकाच मार्गदर्शकावर सात-आठ जणांचा भार टाकणे.
- शोधनिबंधातील नावांचा क्रम शेवटी ठरवणे. तो पहिल्याच बैठकीत लेखी ठरवा. मने यावरूनच दुखावतात.

लेप्टोच्या खात्रीसाठी त्याच रुग्णाचा दुसरा रक्तनमुना साधारण दोन आठवड्यांनी लागतो, आणि तोवर बरा झालेला रुग्ण पुन्हा शेताच्या चिखलात उतरलेला असतो. आशाताईंशी ओळख असलेल्या संशोधकालाच तो सापडतो. म्हणून प्रत्येकाला पहिला महिना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. मोठ्या निधीच्या प्रस्तावांचे पुढच्या वर्षी पाहू.