वीज आणि पर्यावरणाच्या मसुद्यांवर सांगलीतून हरकत कशी नोंदवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत घर आहे, छतावर सोलर आहे, वर्तमानपत्रात ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ अशी बारीक अक्षरातली नोटीस अधूनमधून दिसते. साध्या माणसानं लिहून काही उपयोग होतो का, आणि लिहायचं तर कुणाला, काय?

उपयोग होतो. तुमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. 2019 मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं छतावरच्या सौरविजेच्या विनियमांचा मसुदा काढला. महिना 300 युनिटपर्यंतच नेट मीटरिंग (तुम्ही दिलेली वीज घेतलेल्या विजेतून युनिटला युनिट वजा) आणि त्यापुढे नेट बिलिंग, म्हणजे तुमची वीज स्वस्तात घ्यायची आणि तुम्हाला महाग द्यायची, असा त्यात प्रस्ताव होता. हरकती गेल्या. डिसेंबरअखेर अंतिम विनियम निघाले तेव्हा ती 300 युनिटची अट गळालेली होती. आज तुमच्या बिलात दिवसाचं युनिट रात्रीच्या युनिटातून वजा होतं, त्याच्यामागे हे आहे.

हरकती ऐकणं ही आयोगाची मेहेरबानी नाही. विद्युत कायदा 2003 च्या कलम 64 नुसार वीज कंपनीच्या दराच्या याचिकेवर लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेऊनच आदेश द्यावा लागतो. विनियम करायचे तर कलम 181 प्रमाणे मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो.

बहुतेक हरकती वाया जातात त्या चुकीच्या दारात गेल्यामुळे. तुमचं बिल समोर घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे आयोगाचं काम. त्याखालचं वीज शुल्क मात्र राज्य सरकारचं, 2016 च्या महाराष्ट्र वीज शुल्क कायद्यातून आलेलं. घरगुती ग्राहकाला ते 16 टक्के आहे. ते कमी करा असं आयोगाला लिहिलंत तर ‘अधिकारकक्षेबाहेर’ एवढंच उत्तर येईल; ती मागणी आमदाराकडे आणि ऊर्जा विभागाकडे करायची. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची मोफत वीज हेही राज्याचं अनुदान, विद्युत कायद्याच्या कलम 65 मधलं. आणि तुमचंच बिल चुकलं असेल, मीटर अडला असेल, तर ती हरकत नव्हे, तक्रार. ती ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाते. दरसुनावणीत दर वेळी निम्मे लोक उठून आपल्या मीटरचं गाऱ्हाणं सांगतात. गाऱ्हाणं खरं असतं, पण त्या टेबलावर त्याचा निकाल लागत नाही, आणि दरावर बोलायचं राहून जातं, याचं फार वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष लिहिणं. ‘दरवाढीला आमचा तीव्र विरोध आहे’ हे वाक्य हजार जणांनी पाठवलं तरी आयोग ते एका ओळीत गुंडाळू शकतो. त्याला नाकारायला कारण द्यावं लागेल अशी हरकत हवी. म्हणजे याचिकेतलं पान आणि परिच्छेद क्रमांक, तिथला प्रस्ताव, तुमच्यावर होणारा परिणाम आकड्यात, आणि त्याऐवजी काय लिहावं ते तयार शब्दांत.

समजा प्रस्ताव असा आहे की सौरविजेची वजावट त्याच वेळटप्प्यात करावी, सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मध्ये तयार झालेली वीज त्याच वेळेतल्या वापरातून. (2025 च्या बहुवार्षिक दर याचिकेच्या वेळी हाच वाद पेटला होता.) तुमचा संच 3 किलोवॅटचा धरू. किलोवॅटला दिवसाला 4 युनिट सरासरी धरली तर दिवसाला 12, महिन्याला 360 युनिट. घरातला वापर महिना 300 युनिट, त्यातले 200 संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी नऊच्या आत, कारण दोघंही नोकरीला जाता. आजच्या पद्धतीत 300 च्या 300 वजा होतात आणि 60 शिल्लक राहतात. टप्प्यापुरती वजावट केली तर 100 च वजा होतील, 200 युनिटचं पूर्ण दरानं बिल येईल आणि 260 युनिट अतिरिक्त ठरतील. हे चार आकडे, तुमची बारा महिन्यांची खरी बिलं आणि त्याखाली एक वाक्य: ‘घरगुती ग्राहकांच्या निर्यात युनिटची वजावट वेळटप्पा न पाहता पूर्ण बिलिंग कालावधीतील वापरातून करण्यात यावी.’ एक पानभर पुरे.

हीच रीत विट्याच्या यंत्रमागाला आणि तासगावच्या बेदाण्याच्या शीतगृहालाही लागू पडते. शीतगृहाचा कॉम्प्रेसर रात्रभर चालतो. संध्याकाळचा जादा आकार त्याला टाळता येत नाही. बारा बिलांतले टप्पानिहाय युनिट जोडले की मुद्दा आपोआप उभा राहतो. महावितरणच्या याचिकेवर अभ्यास करायची तयारी असेल तर मीटर नसलेल्या कृषिपंपांच्या वापराचा अंदाज बघा. तो फुगला की गळती कागदावर कमी दिसते, आणि ती चोरी आणि गळती शेतकऱ्याच्या नावावर पडते. 5 अश्वशक्तीचा पंप म्हणजे 3.73 किलोवॅट, वर्षाला 1500 तास धरले तर 5,595 युनिट होतात. तुमच्या भागात पावसाळ्यात पंप किती दिवस बंद असतात आणि थ्री फेज रोज किती तास येतं, हे फीडरच्या नोंदीवरून दाखवा. नोंदी माहिती अधिकारात मागता येतात, फक्त उत्तराला 30 दिवस लागू शकतात आणि हरकतीची मुदत बहुधा तीन आठवड्यांची असते. म्हणून अर्ज नोटीस येण्याआधीच टाकून ठेवायचा.

पाठवताना आयोगाच्या संकेतस्थळावरची ई-सार्वजनिक विचारविनिमयाची खिडकी वापरा. मराठी चालतं, फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण नाव, टपालाचा पत्ता, ईमेल आणि ‘सुनावणीत प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे आहे’ हे वाक्य विसरू नका. ते नसेल तर बोलायला मिळेलच असं नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला खिडकी बंद होते, म्हणून आदल्या दिवशीच टाका आणि पोच जपून ठेवा. महावितरणला तुमच्या हरकतीवर लेखी उत्तर द्यावं लागतं. ते वाचून सुनावणीत प्रतिउत्तर द्या. बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. सगळं वाचून दाखवू नका, त्यांनी कुठला आकडा टाळला तेवढंच सांगा.

आदेश आला की आपल्या मुद्द्याचं प्रकरण काढा: हरकत, महावितरणचं उत्तर, आयोगाचा निर्णय अशा क्रमानं ते छापलेलं असतं. निर्णय मान्य नसेल तर 45 दिवसांत विजेच्या अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण ते दिल्लीत आणि खर्चिक. त्यासाठी ग्राहक संघटनेबरोबर जावं.

पर्यावरणाच्या बाजूला मुदती वेगळ्या. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा 31 जुलै 2024 चा मसुदा केंद्राचा होता, त्याला 60 दिवस मिळाले. शिराळा, पाटण, जावळी भागात ‘आमचं गाव वगळा’ किंवा ‘आमचं गाव ठेवा’ असं एकाच नमुन्याचं पत्र पाठवून भागत नाही. पश्चिम घाटासाठी केंद्रानं नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीनं गावाच्या क्षेत्रापैकी किमान 20 टक्के नैसर्गिक भूभाग ही कसोटी धरली होती, तेव्हा गट क्रमांकानुसार जंगल किती आणि ऊस किती हे नकाशावर दाखवा. मसुदा खाण, दगडखाण, वाळूउपसा यांवर बंदी घालतो, शेतीवर नाही. विरोध करायचा तरी मसुदा वाचून करा, कारण नसलेल्या कलमावरची हरकत बाजूला पडते आणि तिच्याबरोबर चांगला मुद्दाही जातो.

प्रकल्पाची जनसुनावणी पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेखाली होते. किमान 30 दिवस आधी नोटीस हवी. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेत बघायला ठेवलेला हवा, मराठी सारांशासह. नसेल तर सुनावणीच्या आधीच लेखी कळवा आणि पोच घ्या. नंतर तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येईलच असं नाही. गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकून सुनावणी थांबत नाही. त्याऐवजी जा, चित्रीकरण चालू असताना बोला आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायला सांगा. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी निघाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करायचं, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे.

राहिलं विधेयक. इथं वेळ सगळ्यात कमी, कारण मांडलेलं विधेयक काही दिवसांत मंजूर होतं. संयुक्त समितीकडे गेलं तर ती सूचना मागवते, तेव्हा लगेच लिहा. एरवी अधिवेशनाच्या आधी आमदारांना भेटा. सांगली आणि साताऱ्यात प्रत्येकी आठ मतदारसंघ आहेत. एकाच मजकुराचं निवेदन आठही जणांना द्या. निवेदनात मागणीऐवजी दुरुस्ती लिहा: कलम अमुक, ‘हे शब्द वगळावेत, त्याऐवजी हे शब्द दाखल करावेत’. अर्ध्या पानाचा असा कागद आमदाराला सूचना म्हणून तसाच देता येतो. दहा पानी निवेदन स्वीय सहायकाच्या फायलीत राहतं.