मुरगावच्या आगबोटींवर लिहिण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

दुसऱ्या महायुद्धात गोव्याच्या मुरगाव बंदरात बुडालेल्या, इंग्रजांच्या शत्रूंच्या जहाजांवर लिहायला घेतलंस, बरं झालं. पण सुरुवात 9 मार्च 1943 च्या रात्रीपासून नको. त्या रात्री फीबी नावाच्या बार्जवरून छापा घालायला आलेल्या कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश स्वयंसेवक पलटणीच्या मंडळींवर पुष्कळ लिहून झालंय. त्या गोष्टीत जहाज नुसतं बुडायला येतं.

जर्मनीची एहरनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि इटलीचं आन्फोरा, प्रत्येकाला वहीत एकेक पान दे: गोदी, वर्ष, मालक, झेंडा, यंत्र, टनभार, शेवट. निव्वळ नावावर विसंबू नकोस. मालक बदलला की नाव बदलतं आणि जुनं नाव कंपनी पुढच्या जहाजालाही देते. लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या छापील सूचीत आधीची नावं दिलेली असतात, ती धरून मागे जा. ब्रिटिश नोंदणीतला अधिकृत क्रमांक नाव बदललं तरी तोच राहतो, पण परक्या झेंड्याखाली गेलं की तो माग सुटतो. युद्धात पकडलेल्या जहाजांना इंग्रज 'एम्पायर'ने सुरू होणारं नाव देत. तिथे मालक सरकार आणि चालवणारी कंपनी वेगळी, म्हणून रकाने दोन ठेव.

टनभारात भलेभले फसतात. एहरनफेल्स 7,752 टनांची, हे तिचं वजन नव्हे. तो टन म्हणजे 100 घनफूट बंदिस्त जागा. माल किती उचलेल, तो आकडा निराळा आणि मालवाहू बोटीचा सहसा मोठा. 'आगबोट' म्हणण्याआधी यंत्राचा रकाना बघ. ही जर्मन जहाजं ज्या हान्सा कंपनीची, तिचीच गोल्डनफेल्स डिझेलवर चालायची. तीच पुढे अटलांटिस नावाने व्यापारी जहाजांची शिकार करत फिरली आणि 22 नोव्हेंबर 1941 ला ब्रिटिशांच्या डेव्हनशर या युद्धनौकेने बुडवली.

पोर्तुगाल तटस्थ, म्हणून ही जहाजं गोव्यात शिरली. तटस्थ बंदरात युद्धनौकेला साधारण 24 तास मिळत, व्यापारी जहाजाला तशी मुदत नव्हती. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहिलं की बुडाला शेवाळ-शिंपल्यांचे थर चढतात आणि वेग घटतो. ती पळून का गेली नाहीत, यावर लिहिताना हेही विचारात घे.

आणि शेवटाला 'इंग्रजांनी बुडवली' असं सरसकट लिहू नकोस. जहाजं हातात पडू नयेत म्हणून खलाशांनीच समुद्राच्या पाण्याच्या झडपा उघडल्या, आगी लावल्या. जहाजावरच्या गुप्त बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांना खबरा जात, हा छापा घालणाऱ्यांच्या बाजूचा दावा. तो दावा म्हणूनच लिही.

पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीज कागद वाचावे लागतील, शब्दकोश सोबत ने. आधी ड्राखेनफेल्सचं पान भर आणि मला पाठव.