लंडनहून लीड्सला आलोय, नवीन जीपीकडे नाव कसं घालायचं?

तुम्ही विचारलंय की जुन्या जीपीकडचं (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडचं) नाव कसं काढायचं, घराचा करार हातात नसताना नवीन नोंदणी होते का, आणि थायरॉइडच्या गोळ्या आठवडाभरच पुरतील तर काय करायचं.

आधी गोळ्यांचं बघा. नाव हलवायच्या आत जुन्या जीपीकडेच गोळ्या मागा आणि एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) ॲपमध्ये फार्मसी बदलून लीड्समधली घाला. चिठ्ठी ऑनलाइनच जाते, लंडनला खेटा नको. तरीही संपल्याच तर एनएचएसच्या १११ या हेल्पलाइनला फोन करा.

नाव काढायला काही करावं लागत नाही. नवीन ठिकाणी नोंद झाली की तिकडचं आपोआप निघतं आणि रेकॉर्ड मागोमाग येतं. (दवाखान्याला इथे सर्जरी म्हणतात. ‘सर्जरीत चाललेय’ असं मी फोनवर म्हटलं तेव्हा आई देव पाण्यात ठेवायच्या बेतात होती.)

कराराचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र, व्हिसा यातलं काहीही सक्तीचं नाही. रिसेप्शनवर मागतात मात्र हमखास. मला एका ठिकाणी कौन्सिल टॅक्सचं बिल नाही म्हणून परत पाठवलं, आणि मी गुपचूप परत आले! तुम्ही येऊ नका. तुमचा पत्ता त्यांच्या हद्दीबाहेर असेल किंवा त्यांनी नवीन पेशंट घेणं बंद केलं असेल तर ते नाही म्हणू शकतात, पण कारण १४ दिवसांत लेखी द्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी ऑनलाइन फॉर्म असतो, तोच भरा, हुज्जत टळते.

फॉर्ममध्ये आपल्या लोकांची गाडी अडते ती नावात. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. लंडनला ते घातलं असेल तर इथेही तसंच घाला. मी गाळलं, आणि माझं जुनं रेकॉर्ड सापडायला तीन आठवडे गेले. जुन्या जीपीचं नाव-पत्ताही लिहा.

सर्जरी निवडताना ऑनलाइन रेटिंगचे तारे मोजत बसू नका. अंगात ताप असताना चालत जाता येईल का, एवढं बघा.

आणि हो, थायरॉइड कमी म्हणून गोळी चालू असेल तर नवीन सर्जरीत एफपी९२ए, म्हणजे औषधांच्या पैशांत सूट मिळवायचा फॉर्म मागा. सूट मंजूर झाली की थायरॉइडचीच नव्हे, चिठ्ठीवरची सगळी औषधं फुकट. नाहीतर २०२४ पासून एका औषधाला ९.९० पौंड पडतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, दीड वर्ष पैसे भरत होते.