तुझ्या एसीआरबद्दल

दापोली

चि. लेफ्टनंट,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या एसीआरवर, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या गोपनीय अहवालावर, सही केलीस आणि लगेच विचारलंस, ‘काका, शेवटी हे सगळं साहेबांच्या मर्जीवरच ना?’ मेसमध्ये कानावर पडलेलं हे वाक्य मनात घर करू देऊ नकोस. मर्जीला जागा आहे, पण तुला वाटते त्याहून कमी; आणि ती आणखी कमी करणं बरंचसं तुझ्या हातात आहे.

तुझं काम रोज पाहणारा इनिशिएटिंग ऑफिसर आधी लिहितो, मग रिव्ह्यूइंग ऑफिसर, त्यावर सीनियर रिव्ह्यूइंग ऑफिसर. गुण १ ते ९. कॅप्टन २ वर्षांनी, मेजर ६ वर्षांनी, लेफ्टनंट कर्नल १३ वर्षांनी. इथपर्यंत बढती सेवेच्या वर्षांवर मिळते. खरी चाळणी लागते कर्नलच्या पायरीवर, नंबर ३ सिलेक्शन बोर्डात. तिथे उमेदवाराचं नाव झाकलेलं असतं. २००९ साली आलेल्या गुणांकन पद्धतीत १०० पैकी ९५ गुण एसीआर, कोर्स, पदकं अशा नोंदींचे होते आणि मंडळाच्या पारखीला फक्त ५. अधिकाऱ्याचा विचार तीनदा होतो, मग दार बंद. मंडळातल्या जनरलना तू कोण हे ठाऊक नसतं, त्यांच्यापुढे असतो फक्त कागद.

तुझ्यासाठी मात्र कर्नल लांब आहे. तू शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नेमणुकीवर आहेस, तेव्हा पहिला प्रश्न पर्मनंट कमिशनचा, म्हणजे सैन्यात कायम होण्याचा, आणि तो सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदींवरच सुटतो. २०२० साली बबिता पुनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना तो हक्क दिला. मग त्यांचे जुने एसीआर उघडले गेले. यांना पुढे कायम व्हायचंच नाही, या समजुतीने कित्येक वर्षं ते वरवर लिहिले गेले होते! मार्च २०२१ मध्ये नितीशा खटल्यात न्यायालयाने ते स्पष्ट शब्दांत नोंदवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्नलच्या निवडीत या अधिकाऱ्यांचे कोणत्या तारखेपर्यंतचे एसीआर मोजायचे, यासाठी लावलेली मुदतही मनमानी ठरली. त्या बायकांनी लढून मिळवलं, पण दरम्यान त्यांची उमेदीची वर्षं गेली. याचा मला आजही राग येतो. म्हणून ‘अजून तर लेफ्टनंट आहे, या वर्षाचं काय एवढं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

एक वही ठेव. गुप्त काही त्यात नको. तारीख, काम, निकाल, एवढंच. फॉर्ममध्ये तुझ्या कामाची माहिती भरताना ‘सर्व जबाबदाऱ्या चोख पार पाडल्या’ असलं वाक्य कुणाच्याही उपयोगाचं नाही. किती जवानांना कोणता वायरलेस सेट शिकवला, तपासणीत काय निघालं, ते लिही. साहेबांनाही लिहायला ठोस काही मिळतं. रजेची गाडी पकडायच्या घाईत फॉर्म देऊन निघू नकोस. इनिशिएटिंग ऑफिसरचा भाग तुला दाखवला जातो. सही करण्याआधी सावकाश वाच, खटकलं तर तिथेच अदबीने विचार. वरच्या दोघांचं लिखाण तुला दिसणार नाही, त्याची धास्ती घेऊ नकोस. खरंच अन्याय झाला तर आर्मी ॲक्टच्या कलम २७ खाली तक्रार करता येते आणि त्यापुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. तक्रार करणं म्हणजे बंडखोरी नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. उद्या कंपनी तुझ्या हाती आली की हवालदारांच्या नोंदी तू लिहिशील. आपल्या मंडणगड-खेडच्या, महाडच्या फौजी आंबवड्याच्या घरांत गणवेशातले फोटो पाहिलेस ना? त्यातला एखादा हवालदार नायब सुभेदार झाला तर त्याची नोकरीची वर्षं वाढतात, पेन्शन वाढते, मुलीचं कॉलेज पुरं होतं. त्याच्या कागदावर ‘मेहनती आहे’ एवढं लिहून मोकळी होऊ नकोस. त्याने कुणाला घडवलं, रात्री तुटलेली लाइन कशी जोडली, ते लिही. त्यासाठी वर्षभर त्याच्याकडे लक्ष हवं. फॉर्म समोर आल्यावर आठवत बसून ते जमत नाही.

गणपतीला आलीस की वही घेऊन ये, पडवीत बसून पाहू.

तुझा,
काका